यादीतला पहिला मुद्दा

चार माणसं लावली, तरी गाडी बोटभर हलली नाही. साळवे बाजूला झाले, हात पुसले आणि म्हणाले, "ताई, राहू द्या. हिची चाकं हिनेच आतून धरून ठेवलीत. कुणाची तरी कंबर जाईल."

ती सुपरकार होती आणि गाड्या उचलायच्या आमच्या एकुलत्या एका लिफ्टच्या दोन खांबांमध्ये उभी होती. त्याच सकाळी ती स्वतःच्या इंजिनावर आत आली होती.

सातपूरच्या एमआयडीसीत माझं वर्कशॉप आहे. आम्ही जुन्या स्पोर्ट्स कार दुरुस्त करतो. काम कमी येतं आणि आलेलं लांबतं, म्हणून मी सगळं यादीने करते. प्रत्येक गाडीला एक जॉब कार्ड असतं. कार्डावर मुद्दे छापलेले असतात आणि प्रत्येक मुद्द्यापुढे काम करणाऱ्याची सही होते. पहिला मुद्दा सगळ्या गाड्यांना एकच: बॅटरीची वायर काढा. जुन्या गाड्यांचं वायरिंग कुजलेलं असतं. एका ठिणगीने आग लागते. हा मुद्दा मी पंधरा वर्षांपूर्वी लिहिला आणि त्याने एकदा तरी वर्कशॉप वाचवलं आहे.

साळवे माझे मुख्य मेकॅनिक. वय छप्पन्न. मी डिप्लोमा करून नोकरीला लागले तेव्हा ते तिथे होते. मी स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा माझ्याबरोबर आले. त्यांचं खास काम म्हणजे कार्बोरेटर. जुन्या इंजिनात पेट्रोल आणि हवा मिसळणारं हे भांडं असतं. स्पोर्ट्स कारमध्ये अशी दोन-दोन असतात आणि दोन्हींनी सारखी हवा ओढावी लागते. साळवे रबरी नळीचा हातभर तुकडा घ्यायचे. एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. सुस्कारा ऐकून स्क्रू फिरवायचे. माझ्याकडे त्यासाठी मीटर आहे. मीटर लावून मी तपासायचे, आणि साळवेंचं बरोबर निघायचं.

या कानावर देवरे शेठची लाली उभी राहिली. देवरे मूळचे कळवणचे. आता कांदा निर्यात करतात, राहतात गंगापूर रोडला. लाली म्हणजे त्यांची साठ सालच्या आसपासची लाल, उघडी, दोन सीटची गाडी. पत्र्याला भोकं पडलेल्या अवस्थेत आली होती. साळवेंनी चौदा महिने ती बांधली. त्यानंतर दर दसऱ्याआधी देवरे ती घेऊन यायचे, आणि साळवे नळी कानाला लावून तिला नीट करायचे. त्या दिवशी साळवे इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. वर्षातून एकदाच.

म्हणून देवरेंनी सुपरकार घेतली तेव्हा ती दाखवायलाही ते आमच्याकडेच आले. त्र्यंबक रोडच्या स्पीडब्रेकरवर पुढचं पोट घासलं होतं. खालचं एक पॅनेल बदलायचं होतं. पॅनेल त्यांनी मागवून ठेवलं होतं. मुंबईला कंपनीकडे गाडी पाठवायचा त्यांना कंटाळा आला होता.

आम्ही गाडी उचलली. मी दहा मिनिटं खालून बघत होते. खरं सांगते, मी मोहून गेले. जुन्या गाडीचं पोट म्हणजे पाइप, नळ्या, ऑइलचे डाग. हिचं पोट टेबलासारखं सपाट. वेगात खालून जाणारी हवा गाडीला रस्त्याकडे ओढून धरते, म्हणून ते सपाट ठेवलेलं. माणसं बसतात तो सांगाडा कार्बन फायबरचा. इंजिन पाठीमागे, जमिनीला टेकेल इतकं खाली. ब्रेकच्या थाळ्या सिरॅमिकच्या. एकही नट उगाच नव्हता.

साळवे म्हणाले, "भारी आहे. पण हिचं काय दुखतंय ते विचारायचं कोणाला? इथे तर कान लावायलाही जागा नाही."

गाडी खाली घेतली. पुढचं झाकण उघडलं. बॅटरी तिथे होती. साळवेंनी पाना लावला आणि थांबले.

"ताई, आत काहीतरी चालू आहे. बारीक आवाज येतोय. गाडी अजून जागी आहे. जरा थांबू या का?"

मी दुसऱ्या गाडीचे पार्ट्स मोजत होते. मान वर न करता विचारलं, "कार्डावर पहिलं काय आहे?"

"बॅटरी."

"मग?"

त्यांनी वायर काढली आणि सही केली.

पॅनेल बसलं. वायर जोडली. स्क्रीनवर लाल अक्षरं आली. इंजिन चालू होईना. जुनी गाडी बंद पडली तर न्यूट्रलला टाकायची आणि ढकलायची. हिचा गिअर माणूस बदलत नाही, कॉम्प्युटर बदलतो. कॉम्प्युटर रुसला की चाकं कुलूपबंद. गाडी अकरा दिवस लिफ्टवर अडकली. रोज सकाळी आम्ही तिला वळसा घालून कामाला लागायचो. साळवे तिला 'पाहुणी' म्हणायचे. पाचव्या दिवसापासून म्हणेनासे झाले.

बाराव्या दिवशी मुंबईहून इंजिनिअर लॅपटॉप घेऊन आला. देवरेही आले. त्याने लॅपटॉप जोडला, कंपनीच्या सर्व्हरशी बोलला आणि पाऊण तासात गाडी चालू केली. पाना हातात घेतला नाही. मग समजावून सांगितलं. गाडी बंद केल्यावर तिचे कॉम्प्युटर लगेच बंद होत नाहीत. एकेक करून झोपतात. त्याला अर्धा तास लागतो. गिअरचा कॉम्प्युटर स्वतःची नोंद लिहीत असताना वायर निघाली आणि नोंद अर्धवट राहिली.

"आतला पंप चालू असतो तोवर हात लावायचा नाही," तो म्हणाला. "बारीक आवाज येतो. लक्ष दिलं तर कळतो."

साळवे माझ्यामागे उभे होते. मी वळले नाही.

त्याला रिपोर्टमध्ये काम करणाऱ्याचं नाव हवं होतं. मी जॉब कार्ड दिलं. माझी पद्धत चोख होती. मुद्दा एक, सही, अ. भि. साळवे. थांबू या का असं कोणी विचारलं आणि नको असं कोणी सांगितलं, याला कार्डावर जागा नव्हती.

देवरेंनी कार्ड वाचलं. आवाज चढवला नाही. रागावले की ते गावाकडचं बोलतात.

"मॅडम, तुमच्यावर माझा भरवसा हाय. पण हे मिस्तरी आता माझ्या गाडीला हात लावणार नाय. ना हिला, ना लालीला."

एक वाक्य पुरलं असतं. साळवे म्हणाले होते थांबू, मी नको म्हटलं. मोजून बघितलं आहे, चार सेकंद लागतात. पण समोर माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं, आणि बाहेरगावचा इंजिनिअर ऐकत होता. मी म्हणाले, "बघते मी."

साळवे पाना पुसत राहिले. तो आधीच स्वच्छ होता.

त्यांनी पुढे महिनाभर काम केलं. मग सांगितलं की सायखेड्याला भाचीच्या नवऱ्याचं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे, तिथे जातो. मी थांबा म्हणाले. ते म्हणाले, "ट्रॅक्टर बरा ताई. काय झालं ते ओरडून सांगतो." मी त्यांच्या हत्यारांची यादी केली होती. त्यांनी एकेक तपासून घेतलं आणि खाली सही केली. नळीचा तुकडा यादीत नव्हता. तो खिळ्यावरच राहिला.

दसऱ्याआधी लाली आली. मी मीटर लावून कार्बोरेटर जुळवले. काटे बरोबर दाखवत होते, तरी इंजिन उभ्या उभ्या अडखळत होतं. नळी कानाला लावली. मला दोन्हीकडे नुसती हवा ऐकू आली.

तेव्हा मी देवरेंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"हे तेव्हा बोलायचं होतं, मॅडम," ते म्हणाले. मग लालीकडे बघत विचारलं, "सायखेड्याला कुठंशी गॅरेज हाय त्यांचं?"

मी पत्ता लिहून दिला. लाली अडखळतच गेटाबाहेर गेली. त्यानंतर ती माझ्याकडे आलेली नाही. ऐकते की आता ट्रॅक्टरांच्या रांगेत उभी असते आणि चांगली चालते.

जॉब कार्ड मी नवीन छापलं. पहिला मुद्दा आता 'गाडी झोपली का ते ऐका' असा आहे. शेवटी एक रकाना वाढवला: काम सांगणाऱ्याची सही. तिथे रोज मी सही करते. आतापर्यंत तो रकाना कोणी वाचायला मागितलेला नाही.