शटरवरचे दिवे

चिखलीच्या बसस्टँडसमोर एक म्हातारी बांगड्या विकत बसते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. मागे, अंधारात पोरींची छेड काढणाऱ्या टोळक्यांना आळा बसावा म्हणून व्यापाऱ्यांनी आणि पोलिसांनी मिळून समिती केली आणि दुकान बंद झालं तरी शटरवरचा दिवा रात्रभर चालू ठेवायचं ठरवलं. तिला बैठकीला कुणी बोलावलं नाही. पण अंधार पडला की क्लासवरून परतणाऱ्या पोरींना तीच हाक मारायची, "थांबा वो माय, मीबी येतो." मग टोपली डोक्यावर घेऊन त्यांना गल्लीपर्यंत सोडायची.

पुढे शेजारच्याचा दिवा आहेच म्हणून एकेकानं आपला बंद केला. छेड काढणारी टोळकी परत आली, तशी घरच्यांनी पोरींचे संध्याकाळचे क्लासच सोडवले.

परवा, एकही तक्रार आली नाही म्हणून समितीनं स्वतःचाच सत्कार करून घेतला. मी तिला ते सांगितलं. बांगड्या फडक्यात बांधत ती म्हणाली, "पोरीइले घरात कोंडलं, त तक्रार कराले कोन येईन, भाऊ?"

टोपली उचलून ती निघाली. कोपऱ्यावर सवयीनं थांबली, पोरींसाठी मागे वळून पाहिलं.

मागून आम्ही सगळे पुरुषच येत होतो.