थोरल्या पाटलिणीची हळद

चिरनेरची चिंगी पनवेलच्या खाडीकाठी नांदायला आली आणि प्रमिला झाली. नवरा दादू पाटील. गावची पाटीलकी त्याच्याच घरात. वर्षभरात प्रमिलाही मागं पडली, म्हातारेकोतारेसुद्धा तिला 'पाटलीणबाय' म्हणायला लागले. गावदेवीची पहिली ओटी तिची. सात वर्षं हे मिरवलं. मग दादू तळोज्याच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला. पाटीलकी धाकट्या दिराकडं, कमळाकरकडं गेली आणि जाऊ सोनाबाई पाटलीणबाय झाली. हिचं नाव 'थोरली'. थोरलीला मान मोठा. फक्त शुभकार्य असलं की तिनं मागल्या पडवीत बसायचं.

सव्वीस वर्षांची बाई पडवीत किती दिवस बसणार? आपटा गावच्या गोमा होडीवाल्याशी तिनं पाट लावला. गाव तिला 'आपट्याची' म्हणू लागलं. चार वर्षांची किशोरी मात्र कमळाकरनं सोडली नाही.

"पाटलाची पोर पाटलाच्या घरात ऱ्हाईल. तू तुजं कुकू घेऊन जा."

पोरीला बघायला ती किती खेपा आली, दर खेपेला ओटीवरनंच परतली. पुढं येणंच सुटलं.

२००८ साली किशोरीचं लग्न निघालं आणि निरोप आला. हळदीच्या दिवशी ती आली ती एकच गोष्ट मनात धरून: पोरीला आपल्या हातानं हळद लावायची.

सोनाबाईनं तिला माजघरात घेतलं. "थोरले, मांडवात पुढं तुजी खुर्ची ठेवलीय. पोर आय म्हनून तुज्या पाया पडंल. पन दादूभावजींची थोरली म्हनून बसायचं. गल्यातलं काढ, कपाल पूस. एका दिसाचा तर सवाल."

"आनी हळद?"

"रांडाव बाईनं हळद कशी लावायची गो? हे तुला मी शिकवू?"

"गोमा जित्ता हाय. जित्त्या मानसाचं कुकू पुसू?"

"मंग नको पुसू. सवाशीन हायस, लाव खुशाल हळद. पन पावनी म्हनून. आय हाय म्हनून तोंड उघडायचं नाय. पोरीला तुजं तोंड ठावं नाय, तेच बरं."

चिंगी म्हणाली, "पाया पडून घेऊन काय करू? मला हात लावायचाय तिला."

चार वाजता मांडवात हळद सुरू झाली. अंकुश नावाचा पोरगा माईकवर एकेका बाईला पुकारत होता. हिच्यापाशी येऊन थांबला. "काकी, तुमचं काय नाव सांगू?"

"सांग, गोमा होडीवाल्याची बायको, आपटा."

त्यानं तसंच पुकारलं. मागनं एक म्हातारी बोलली, "होडी बांदून आलीस का गो?" बायका फिदीफिदी हसल्या.

चिंगी पाटापुढं बसली. बाकीच्या बोट लावून उठत होत्या. हिनं गालाला लावली, हातांना लावली, मग पाय मांडीवर घेतला आणि बोटाबोटांतनं हळद चोळत बसली. पोरीचा पाय भरदार, टाचेला भेग नाही. सोनाबाईनं चांगली वाढवली होती, खोटं कशाला बोला.

किशोरीनं पाय ओढून घेतला. "बस करा ना काकी, मागं किती जनी थांबल्यात."

"व्हय बाय," ती म्हणाली आणि पुढचीला जागा करून दिली.

जेवायला ती थांबली नाही. रस्त्यावरच्या नळाला हात धुतले आणि आपट्याची यष्टी धरली.