चादरीचं दुसरं टोक

समोरच्या गच्चीवर शेजारचं जोडपं धुतलेली सोलापुरी चादर पिळत होतं.

"अहो, नीट धरा, मला भिजवताय," ती म्हणाली.

"मुद्दामच," तो म्हणाला. ती हसली आणि चादरीसकट त्याच्याजवळ सरकली.

माझी बायको सुमन गेली त्याला तीन वर्षं झाली. ती असली चादर एकटीच पिळायची, एक टोक नळाला गुंडाळून. मी आत वाचत बसलेला असे. पुढे पुढे मी जवळ गेलो की म्हणायची, "आज नको, दमलेय." वयाबरोबर तिची ओढ आटली, असंच मी समजत आलो.

आज मीही चादर नळाला गुंडाळून पिळली आणि तिथेच बसून राहिलो. हातांत कुणाला जवळ घेण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं.