पाठीला उठवणारी मावशी

“थांबा वाईच दिवाणजी, पाठीला उठिवते,” असं म्हणून ती हातातलं हळकुंड खाली ठेवायची, रिकाम्या पोत्याची घट्ट वळकटी करायची आणि तिच्यावर खुशाल उताणी पडायची. तेही भर दुपारी, वखारीत, वीस बायका आणि माझ्यासारखा तरणा दिवाणजी बघत असताना. लाज म्हणून काय ती तिच्या गावीही नव्हती.

लढाईच्या दिवसांत मी सांगलीच्या पेठेत एका हळदीच्या वखारीत कामाला होतो. पोत्यांवर खुणा घालायच्या आणि बायकांवर देखरेख करायची. बायका दिवसभर खाली बसून हळकुंडं एकीकडे, गड्डे एकीकडे निवडत. संध्याकाळी उठताना प्रत्येकीच्या तोंडून ‘आई गं’ निघायचं. या मावशीची पाठ तर दोन्ही खांद्यांच्या मधोमध पार धरून गेली होती. चांगलं पोक आलं होतं. मान वर होत नसे, त्यामुळे ती माझ्याशी बोलायची तेव्हा माझ्या धोतराशी बोलते आहे असं वाटे. दोन हाडवैद्यांनी तिच्यापुढे हात टेकले होते.

मग तिनं स्वतःच मनावर घेतलं. सांगलीत येण्याआधी ती औंधला एका शाळेची झाडलोट करायची. त्या संस्थानात पोरांना रोज सूर्यनमस्कार घालावे लागत. ही खराटा घेऊन कडेला उभी राहून बघायची. “ती समदी तालीम मला न्हाई झेपायची. पाठीपुरतं तेवडं उचललं,” असं ती सांगे.

उचललेलं तिनं आपल्या सोयीनं बदलून घेतलं होतं. वळकटी पाठीखाली आडवी घ्यायची, दोन्ही हात मानेमागं गुंफायचे आणि श्वास सोडत खांदे हळूहळू मागं सोडायचे. पाच श्वास झाले की वळकटी बोटभर खाली. मग हातागुडघ्यांवर येऊन मांजरासारखी पाठ वर फुगवायची, खाली सोडायची. मग मांडी घालून, स्वतःलाच कवटाळून, डावीकडे आणि उजवीकडे वळायचं. “ताणलं तर भ्यायचं न्हाई, पर कळ आली की थांबायचं,” हा तिचा कायदा होता. एकदा मीही गुपचूप वळकटीवर पडून पाहिलं. पाठीत कट् असा आवाज झाला आणि मी असा ओरडलो की बाहेरचे हमाल धावत आले. त्यानंतर आठ दिवस मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

याच्या पुढची गंमत ऐका. पूर्वेकडच्या दुष्काळी गावातून दोघी नव्या बायका कामाला आल्या होत्या. मावशी पोत्यांच्या थप्पीला हात टेकून उभी होती. छाती खाली सोडत, डोळे मिटून, ‘हुश्श हुश्श’ करत डुलत होती. त्या दोघींना वाटलं, अंगात आलं! वखारीत हळदीला काय तोटा? एकीनं ओंजळभर हळद तिच्या कपाळाला फासली, दुसरीनं पाय धरले.

“आई, माजी म्हस हारवलीया. कुठं घावंल?”

“मला काय ठावं गं, बये! माजी पाठ दुखतीया!”

सगळी वखार हसून लोळली. ती बाई मात्र पाया पडून, आईचं तोंड उगवतीकडं आहे तर तिकडंच शोधते म्हणत निघून गेली.

हसू ओसरल्यावर मी मावशीला म्हणालो, “मावशी, या वयात एवढा खटाटोप कशाला? दुखणं थोडंच जाणार आहे?”

कपाळाची हळद पदरानं पुसत ती म्हणाली, “दुखण्याचं काय न्हाई वं. पोरगं पलटनीत गेलं. लय उंच हाय त्ये. निगताना माज्यासमोर हुबा ऱ्हायला, आन् माजी मान काय वर होईना. त्यो वाकणार, तवर गाडीनं शिट्टी दिली. मी नुस्ती त्येच्या डगल्याची बटनं बघितली, दिवाणजी. तोंड बघितलंच न्हाई. आता आला की त्येला वाकू द्यायचा न्हाई.”

त्या दिवसापासून ती वळकटी घेऊ लागली की मी बायकांना गप्प बसवत असे.

अशी चार वर्षं गेली. कडाक्याच्या थंडीत पाठ लाकूड व्हायची, तेव्हा ती दुप्पट वेळ घ्यायची. मग लढाई संपली आणि पोराचं पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. तिनं पहिल्यांदाच घाबरून विचारलं, “दिवाणजी, न्हाई जमलं तर?” मी एक रिकामं पोतं उचललं आणि तिच्यासाठी वळकटी करायला घेतली.

पोरगा आला त्या दिवसानंतर ती वखारीत आली नाही. मुलाबरोबर गावी गेली, ती गेलीच. मी तिला शेवटचं पाहिलं ते सांगलीच्या स्टेशनावर, कारण तिनं सोबतीला मलाच नेलं होतं.

खांद्यावर पेटी घेतलेला तो ताडमाड गडी गर्दीतून आला, पेटी टाकून पाया पडायला वाकू लागला. तिनं त्याच्या छातीला हात लावून त्याला अडवलं.

“वाकू नगंस. हुबा ऱ्हा.”

तिनं पाय रोवले, श्वास घेतला. खांदे मागं गेले, छाती उघडली आणि ती पाठ माझ्या डोळ्यांदेखत तसूतसूनं वर आली. शेवटी हनुवटी वर गेली. दुखत असणारच. मी देवभोळा माणूस नाही, पण माझे हात आपोआप जुळले.

ती बघत राहिली. लोक धक्के देत होते, हमाल ओरडत होते.

“मिशी कवा ठिवलीस रं?”

“झाली दोन वर्सं, आये.”

“बरी दिसती,” ती म्हणाली. मग धरलेला श्वास सुटला आणि पाठ पुन्हा होती तशी खाली आली.