लंकाबाईंनी जुळवलेली ओळ

लंकाबाई आहेर पाटबंधारे खात्यात अनुरेखक होत्या. साहेबांनी पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि रेघ न् रेघ शाईने उतरवून घ्यायची, हे त्यांचं काम. रेघ इथेच का वळली, हे विचारायचं नाही. एकोणतीस वर्षं त्यांनी विचारलं नाही. बाईंच्या नकलेत साहेबांची चूकसुद्धा जशीच्या तशी उतरते, असं ऑफिसात हसून सांगत. मग ऑफिसात संगणक आले, ट्रेसिंगची टेबलं गच्चीवर गेली आणि दोन हजार दोन साली लंकाबाईंनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. लग्न केलं नव्हतं. देवळ्याला भाऊ होता, पण त्या नाशिकला सिडकोतल्या आपल्या दोन खोल्यांतच राहिल्या. कधी कधी दूधवाल्याशी बोलल्यानंतर आपला आवाज दिवसभर लागलाच नाही, हे त्यांना संध्याकाळी कळायचं.

हात रिकामा बसेना, म्हणून त्यांनी खालच्या मयूरकडून जुने भाग जुळवून केलेला संगणक घेतला. मयूरच्या दुकानात पुढे सायबर कॅफे होता, मागे दुरुस्ती.

"मावशी, विंडोज टाकून देतो. आत्ताच्या आत्ता."

"कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? सगळ्यांकडे हेच असतं."

"म्हणजे चोरीचं."

"मग लिनक्स टाका, फुकट असतं. पण बिघडलं तर माझ्याकडे यायचं नाही. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यांनी लिनक्स टाकलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, हुकूम ऐकू लागली. पण ज्यावर रेघा ओढायच्या तो चित्रांचा पडदा काही उघडेना. ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, टाकावा, पडदा सुरू करायला सांगावं, की स्क्रीन एकदा लुकलुकायची आणि काळी व्हायची. अक्षरंही जायची.

शेवटी मयूरनेच लिनक्सवाल्यांच्या मेलिंग लिस्टचा पत्ता शोधून दिला. तिथे एकाने अडचण लिहिली की ती शेकडो जणांना ईमेलने जायची. ज्याला येतं तो उत्तर द्यायचा. लंकाबाईंच्या घरी फोनच नव्हता, मग इंटरनेट कुठलं. संगणक आपल्या चुका एका फाइलीत लिहून ठेवायचा, बंद करून पुन्हा सुरू केला की ती वाचता यायची. त्या ओळी लंकाबाई ट्रेसिंगच्या कागदावर उतरवायच्या, जिना उतरून मयूरकडे टाइप करायच्या, आलेलं उत्तर कागदावर घेऊन पुन्हा वर जायच्या.

उत्तर द्यायचा महेश, सांगलीच्या कुठल्याशा कॉलेजातला. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा. लोक अडचण लिहिताना निम्मं गाळतात, तुम्ही टिंबसुद्धा सोडत नाही, असं त्याने चौथ्या पत्रात लिहिलं. एकोणतीस वर्षांत हे कुणी लिहून दिलं नव्हतं. दर उत्तरात एक नवा उपाय असायचा: मॉनिटरचे आकडे तपासा, जुना ड्रायव्हर काढून नवा टाका. एकदा शेवटी त्याने विचारलं होतं, नाशिकला थंडी कशी आहे. त्याचं उत्तर लिहायला लंकाबाईंना दोन दिवस लागले.

सहाव्या आठवड्यात महेशला चूक सापडली. यंत्रात चित्र दाखवणाऱ्या जागा दोन होत्या, एक मूळची आणि एक मयूरने बसवलेलं कार्ड. लिनक्स चित्र पाठवत होतं मूळच्या जागेकडे, तिला मॉनिटर जोडलेलाच नव्हता. कार्डाचा क्रमांक फाइलीत लिहा, त्याने सांगितलं. मंगळवारी दुपारी लंकाबाईंनी तो लिहिला आणि निळा पडदा उघडला. त्या बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसल्या.

लिस्टवर रीत अशी, की अडचण सुटली की विचारणाऱ्याने विषयात 'सुटलं' असं लिहून ती बंद करायची. लंकाबाई मयूरकडे गेल्या. त्यांनी 'सुटलं' लिहिलं, खोडलं. मग लिहिलं, अजून काळंच आहे. पुरावा म्हणून एक ओळ लागणार होती. जुन्या कागदांवरच्या दोन ओळी त्यांनी मध्येच तोडल्या आणि एकीचं डोकं दुसरीच्या धडाला लावलं. खाली काही न ठेवता ओढलेली ती त्यांची पहिली ओळ.

महेशचं उत्तर या वेळी लिस्टवर आलं नाही, एकट्या त्यांना आलं.

"बाई, ही ओळ अशी कधीच येत नाही. पुढचा भाग जुन्या ड्रायव्हरचा आहे, मागचा नव्याचा. तुम्ही आजवर एक टिंब चुकवलं नाहीत, म्हणून विचारतो. स्क्रीन लागली ना?"

लंकाबाईंनी ते दोनदा वाचलं. मयूरने पलीकडून विचारलं, "काय मावशी, रडतंय का अजून यंत्र?"

"नाही," त्या म्हणाल्या. "लागलं."

त्या घरी गेल्या आणि पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक पायरी क्रमाने लिहून काढली. कुठला आकडा कुठे पाहायचा, कुठली ओळ आली तर काय समजायचं, सगळं. दुसऱ्या दिवशी विषयात 'सुटलं' लिहून लिस्टवर टाकलं. महेशने एका ओळीत आभार मानले.

पुढच्या दोन वर्षांत तीच अडचण अकरा जणांना आली. लंकाबाई रोज जाऊन पाहायच्या. प्रत्येक वेळी कुणीतरी नाशिकच्या बाईंचं ते पत्र वाचा म्हणून सांगायचं, आणि विचारणारा 'सुटलं' लिहून निघून जायचा. पत्रात इतकं सगळं होतं, की त्यांना कुणी काही विचारलं नाही.