राजूबाईची येळवस

राजूबाईला मी विचारलेला पहिला प्रश्न असा होता: "घराचा कर्ता कोण?"

"घरात मी हाय आन् एक शेळी हाय," ती म्हणाली. "तुमीच बगा कोन वाटतंय कर्ता ते."

मला हसू आवरेना. शेजारी बसलेल्या मंजुश्री मॅडमना मराठी फारसं कळत नाही. कन्नडमध्ये सांगितल्यावर त्याही हसल्या, आणि मग टॅबच्या पडद्यावर बोट धरून बसून राहिल्या. तिथे नवरा, सासरा, मुलगा असे पर्याय होते. शेळीसाठी काही नव्हतं, आणि राजूबाईसाठीही नव्हतं.

मी नागरत्ना, बिदरच्या नौबादची. कलबुर्गीच्या एका संशोधन संस्थेचं काम करते. मंजुश्री मॅडम तिथल्या संशोधक. त्यांचे प्रश्न सीमेवरच्या बायकांना कळतील अशा मराठीत विचारायचे आणि उत्तरं त्यांना कन्नडमध्ये सांगायची, हे माझं काम. अभ्यासाच्या नावात 'सक्षमीकरण' हा शब्द आहे. मला तो कधीच आवडला नाही. ऐकला की वाटतं, बाईला एका दाराने कारखान्यात घालणार आणि दुसऱ्या दाराने तयार करून बाहेर काढणार. राजूबाई कुठल्याच कारखान्यात मावली नसती.

खऱ्या कारखान्यात ती जाऊन आली होती. राजेश्वर गावाच्या पलीकडच्या एका वाडीत सालगड्याच्या घरी जन्मली, पोरवयात लग्न झालं. नवरा सेंट्रिंगच्या कामाला हैदराबादला गेला आणि तिकडेच त्याने दुसरं घर केलं. वाडीत अशा बाईला टाकलेली म्हणतात. राजूबाईला तसं कुणी म्हटलं की तिचा पारा चढायचा. "मला कुनी टाकलं न्हाई. मी काय उष्टं हाव व्हय? त्यो गेला, मी हितंच हाय."

मग पोटासाठी ती बिदरला कोळारच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामात पोती शिवायला लागली. तिथे बायकांना भाकरी खायला जागा नव्हती. संडासामागच्या भिंतीला टेकून त्या खायच्या. राजूबाईने दोन-चार दिवस पाहिलं आणि एका दुपारी मॅनेजरच्या दारात फतकल मारून भाकरी सोडली. मॅनेजर ओरडला, तर त्याला म्हणाली, "जेवताना वरडू नये, घास लागतो." तिचं काम गेलं ते गेलंच. पण त्यानंतर तिथे बायकांना जेवायला एक शेड झाली. हे तिने मला असं सांगितलं, जसं कुणी सांगावं की परवा बाजारात वांगी चांगली आली होती.

गावी परतल्यावर तिने बायका जमवल्या. विधवा रुद्रम्मा, बौद्ध गल्लीतली सोजराबाई आणि अशाच आणखी काही, ज्यांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. ग्यानबा पाटलांचं माळाकडचं रान कित्येक वर्षं पडीक होतं. वेड्या बाभळी माजल्या होत्या, दगड एवढे की बैल घालायला शेतकरी धजत नसत. बायकांनी ते बटईने मागितलं, निम्मं पीक मालकाला, निम्मं बायकांना. पाटलांनी चावडीवर चार लोकांसमोर पाच सालांचा शब्द दिला. आमच्याकडे बटई शब्दावरच चालते. पाटील मनात हसले असतील. बाया चार दिवसांनी दमून जातील, तोवर फुकटात बाभळी निघाल्या तर निघाल्या!

बाया दमल्या नाहीत. बाभळीचे काटे तळपायात मोडून घेतले, दगड वेचून बांधावर रचले, शेण वाहिलं. पहिल्या सालीच तूर उभी राहिली. आणि त्याच सालच्या येळवसला त्यांनी घोडचूक केली.

लातूर-उदगीर-बिदरकडच्या माणसाला येळवस सांगावी लागत नाही. पुण्याकडच्यांसाठी सांगते. मार्गशीर्ष अमावास्येला आमच्याकडची गावं ओस पडतात. सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभारायची, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पुढे ताक आणि ज्वारीच्या पिठाच्या अंबिलीचं मडकं ठेवायचं, पूजा करायची आणि मग येईल त्याला भाज्या-शेंगांची घट्ट भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, अंबील पोटभर वाढायचं. एवढाच सण. पण गाव या दिवशी आणखी एक गोष्ट बघतं. कुणाच्या रानात कुणाची खोप आहे आणि पूजा कुणाच्या हातची आहे. ज्याच्या हातची पूजा, ते शेत त्या सालासाठी त्याच्या कसण्यातलं. पहाणीवर, म्हणजे तिकडच्या सातबारावर, काहीही असो, तंटा निघाला की पंच हेच विचारतात.

आणि पहिल्या येळवसला या बायका हात जोडून पाटलांकडे गेल्या होत्या. "मालक, पूजा तुमच्याच हातानं व्हावी." मोठ्या माणसाला मान द्यायची सवय पिढ्यांची, ती एका तुरीने थोडीच जाते? पाटलांनी पूजा केली, बायका बाजूला उभ्या राहिल्या, पाटील जेवून गेले.

यंदा त्याच रानात ज्वारी डोक्याबरोबर उभी राहिली. बांधाने करडई, मधे हरभरा. येणारा जाणारा थांबून बघायचा. ग्यानबांचा मुलगा शिवराजही बघून गेला, आणि अमावास्येच्या तोंडावर त्याने चावडीत जाहीर केलं की रान आता तो स्वतः करणार. बटईचं काय, असं कुणी विचारलं तेव्हा म्हणाला, "कसली बटई? गेल्या सालची पूजा कुनाच्या हातची व्हती? आप्पांच्या. ह्या बाया रोजानं व्हत्या आमच्याकडं. यंदाची पूजा मी करनार."

म्हणजे पूजा शिवराजने केली की उभी ज्वारी त्याच्या अंगणात जाणार आणि बायका बांधाच्या बाहेर. एवढं सरळ होतं ते. मी राजूबाईला हे सांगायला गेले तेव्हा ती शेळीला पाला टाकत होती. ऐकून तिने उरलेला पाला शेळीपुढे सारला. मग म्हणाली, "चूक आमचीच हाय, अक्का. पर येकदाच करायची आस्ती चूक."

नेमक्या त्याच येळवसला आमच्या संस्थेचे साहेब फोटोसाठी येऊ म्हणत होते. भानगड कळल्यावर त्यांचा फोन आला. पूजा पाटलांच्याच घराकडून होऊ द्या, गावात सलोखा राहायला हवा, बायकांचे फोटो नंतर काढता येतील. माझं डोकंच फिरलं. मंजुश्री मॅडमनी मला विचारलं, पूजा कुणी केली याने एवढा काय फरक पडतो? मी सगळं सांगितलं. त्या शांतपणे फोनवर म्हणाल्या, "सर, आपण तिथे पाहुणे. पूजा कुणी करायची हे पाहुण्याने ठरवू नये." साहेब आलेच नाहीत. बरंच झालं.

खरी अडचण बायकांच्यातच होती. रुद्रम्मा हटून बसली. तिचं म्हणणं, पूजा जोडप्याने करायची असते. रांडवेच्या आणि नवरा गेलेलीच्या हाताने केली तर पीक जळून जाईल, आणि त्याचं पाप आपल्या माथी.

"बाभळी तोडताना ह्येच हात व्हते का न्हाई?" राजूबाईने विचारलं.

"व्हते की."

"शेन कालवलं, दगड येचले, खुरपलं. तवा न्हाई जळालं पीक. मग पूजेलाच कामून जळंल गं?"

रुद्रम्मा पदर झटकून उठून गेली. पण संध्याकाळी तिने आपल्याच चुलीवर अंबिलीचं पीठ शिजवायला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी राजूबाई आवतन द्यायला निघाली. एक घर सोडलं नाही. बौद्ध गल्ली, लिंगायत गल्ली, मराठ्यांची घरं, मशिदीमागची घरं. शेवटी ग्यानबा पाटलांच्या उंबऱ्याशी उभी राहिली. मी मागे. पाटील ओसरीवर तंबाखू मळत होते, शिवराज मोटारसायकल पुसत होता.

"पाटील, उद्या येळवस. आमच्या शेतात जेवायला यायचं," राजूबाई म्हणाली.

शिवराजच्या हातातलं फडकं थांबलं. स्वतःच्याच जमिनीत माणसाला आवतन देतात का कुठे? पाटलांनी तंबाखू दाढेखाली धरली.

येळवसच्या सकाळी राजूबाईने अंबिलीचं मडकं डोक्यावर घेतलं. मागून ओढ्याकडून जवळची वाट होती. ती सोडून राजूबाई गावातून गेली, भर पेठेतून, चावडीसमोरून. मागे रुद्रम्मा, सोजराबाई, बाकीच्या बायका भज्जीची पातेली घेऊन, त्यांच्यामागे मंजुश्री मॅडम आणि मी. चावडीवरचे लोक बघत राहिले.

रानाशी पोचलो तर शिवराज आधीच हजर. ज्वारीत ट्रॅक्टर घालून कडबा आणला होता. दोन-तीन मित्रांच्या मदतीने खोप उभी झाली होती, आत पाच दगड पांढरेशुभ्र. फक्त अंबील यायची होती, ती त्याच्या घरातल्या बायका मागून आणणार होत्या. सोजराबाईने माझा दंड घट्ट धरला. मला वाटलं, संपलं सगळं. मी खरंच घाबरले होते.

राजूबाई थांबली नाही. सरळ खोपीपर्यंत गेली, चहूबाजूंनी बघितलं.

"झ्याक बांधलास रे शिवराज," ती म्हणाली. "आमाला वाटलं, कडबा वाहून कंबर मोडंल. सरक जरा, अंबील ठिवायचीय."

आणि तो सावरायच्या आत तिने मडकं उतरवून दगडांपुढे ठेवलं.

"ए, उचल ते!" शिवराज ओरडला.

"मी ठिवलीय. तुला उचलायची तर उचल."

तो दोन पावलं पुढे आला. पाय उगारलाही असता. पण मागून त्याचाच एक मित्र दबक्या आवाजात म्हणाला, "आरं, अंबील हाय. पाय लावू नगंस बाबा." मांडलेली अंबील सांडायची हिंमत आमच्या मुलखात अजून कुणाला झालेली नाही. शिवराजलाही झाली नाही. मग तो तोंडाने सुटला. "तुज्यासारखीच्या हातची पूजा व्हय? नवऱ्यानं टाकलेली बाई तू!"

राजूबाई गुडघ्यावर बसली होती. मान वर न करता म्हणाली, "ह्ये पाच दगड कुठून आनलास?"

"बांधावरून."

"बांधावर कुनी रचले?"

राजूबाईने हळदीकुंकवाचा करंडा रुद्रम्मापुढे धरला. नवरा गेल्यापासून तिने कुंकवाला बोट लावलं नव्हतं. तिने पाचही दगडांना कुंकू लावलं, आणि रडता रडता नारळ असा आपटला की त्याचं पाणी शिवराजच्या विजारीवर उडालं. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

पण पूजा झाली म्हणजे झालं असं नाही. जेवायला माणूस यावं लागतं. आजूबाजूच्या शेतांतून हसण्या-खिदळण्याचे आवाज येत होते आणि आमच्या पातेल्यांवर माश्या. शिवराज ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून मजा बघत उभा होता. बऱ्याच वेळाने सोजराबाईच्या गल्लीतली माणसं आली. मग लिंगायत गल्लीतलं एक म्हातारं जोडपं आलं आणि कुठे बसावं म्हणून घुटमळलं. राजूबाईने मोठ्याने सांगितलं, "पंगत येकच हाय. जमंल त्येनं बसावं." म्हातारा बसला, म्हातारीही बसली. मागून आलेले दोघं-तिघं मात्र परत फिरले, तेही खोटं सांगत नाही. तरी पंगत भरत गेली. मॅडम सोजराबाईशेजारी बसून उंडा कुस्करत होत्या.

तेवढ्यात काठी टेकत ग्यानबा पाटील आले.

"आप्पा, बगा काय करायल्यात ह्या!" शिवराज धावला. "हाकला ह्यानला!"

पंगतीचे हात थांबले. पाटलांनी खोप बघितली, कुंकू बघितलं, ज्वारीच्या कणसांकडे बघत राहिले. राजूबाईने पंगतीच्या टोकाला एक पत्रावळ मांडली, पेल्यात अंबील ओतली.

"या पाव्हनं, बसा."

"माज्याच रानात मला पाव्हना मनायलीस व्हय गं?"

"जमीन तुमची हाय, पाटील. त्येला कोन न्हाई मनंना. पीक आमी काडलाव. पाच सालांचा शबुद चावडीवर तुमीच दिलाव. आता तुमचा शबुद खरा का पोराचा, त्ये तुमी ठरवा. आमचं ठरलंय. आमी हितून उठत न्हाई."

पाटलांनी काठी बांधाला टेकवली. मग त्यांनी चपला काढल्या. "शिवराज," ते म्हणाले, "टॅक्टर बाहीर काड. ज्वारी चेंगरायलीय." आणि बसून त्यांनी अंबिलीसाठी हात पुढे केला.

शिवराज तणतणत ट्रॅक्टरकडे निघाला. राजूबाई उंड्याचं ताट घेऊन त्याच्या मागे गेली आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"शिवराज, थांब. सकाळधरनं खोप बांधलास, उपाशी जाऊ नगंस. आमच्या शेतात रोजानं आलेल्या मानसाला आमी जेवू घालूनच धाडताव."