अँबॅसिडरमधले डिझेल इंजिन

नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता चोर कोणत्या साली पकडला असे विचारले तर मी हमखास चुकेन. त्या पांढऱ्या अँबॅसिडरचे तसे नाही. ती अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते आणि दर वेळी मला माझाच राग येतो.

तेव्हा मी शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. अजिंठ्याकडचा एक पिकअप चालक बिडकीनला माल उतरवून रिकामी गाडी घेऊन परत निघाला आणि घरी पोहोचलाच नाही. त्याचा फोन आमच्या हद्दीत बंद पडला होता, म्हणून बेपत्ता झाल्याची नोंद आमच्याकडे झाली. आसपासच्या जिल्ह्यांना वायरलेस संदेश गेले, फोटो गेला. उत्तर कुठूनच आले नाही.

त्याची बायको रोज पहिल्या एसटीने यायची आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरच्या बाकावर बसायची. मी गाडीतून उतरलो की उठून उभी राहायची. "साहेब, लागला का काही पत्ता?" मी "तपास चालू आहे" म्हणायचो. हे वाक्य पोलिसाच्या तोंडात बसलेले असते. संध्याकाळी शेवटच्या एसटीने ती परत जायची.

आठव्या दिवशी खबर आली. रेडिएटर दुरुस्त करणारा एक इसम आमचा जुना खबऱ्या होता. तो म्हणाला, "साहेब, एका मिस्त्रीनं जुन्या अँबॅसिडरला मोठा रेडिएटर मागितलाय. पेट्रोलचं इंजिन काढून नव्या पिकअपचं डिझेल बसवलंय त्यानं. इंजिन आलं, पण ते ज्या गाडीतून निघालं ती गाडी कुणीच पाहिली नाय."

तासाभरात आम्ही गॅरेजवर होतो. बॉनेट उघडले. माझ्या हवालदाराने चिंधीने तेल पुसून इंजिनचा नंबर वाचला आणि हातातला कागद माझ्यापुढे धरला. नंबर आमच्याच बेपत्ता पिकअपचा होता.

गाडीचे मालक पुंडलिकनगरात राहणारे निवृत्त बँक अधिकारी निघाले. गाडी त्यांच्या वडिलांची. सुटे भाग मिळेनात, पेट्रोल परवडेना, म्हणून त्यांनी इंजिन बदलायला दिली होती. ते इतके घाबरले की मी न विचारताच लग्नापासूनची हकीकत सांगू लागले. त्यांचा जबाब घेऊन मी त्यांना घरी पाठवले. अँबॅसिडर जप्त करून ठाण्याच्या आवारात आणली.

राहिला मिस्त्री. साठीच्या पुढचा, दाढी पांढरी, नखांत काळे तेल मुरलेले. अँबॅसिडरवर हात बसलेला असा माणूस शहरात दुसरा नव्हता.

"इंजिन कोणी आणून दिलं?"

"भंगार में से लिया साब."

"कुठल्या भंगारातून?"

"याद नहीं."

खोटे बोलायची सवय नसलेला माणूस खोटे बोलताना जमिनीकडे बघतो. हा तसाच बघत होता. तो कुणाला तरी वाचवतोय हे मला पाच मिनिटांत कळले आणि मी चेव आल्यासारखा त्याच्या मागे लागलो. दिवसभर तेच प्रश्न, पुन्हा पुन्हा. आवाज चढवला, टेबलावर काठी आपटली, गॅरेजला कुलूप ठोकायची धमकी दिली. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही. चालक बेपत्ता आहे, हे. आपल्याला काय माहीत आहे ते संशयिताला कळू द्यायचे नाही, हे मला माझ्या वरिष्ठांनी शिकवले होते आणि मी ते पुढे कित्येकांना शिकवले होते. मिस्त्रीला मागच्या दाराने आत आणायचे आणि त्या बाईची नजरही त्याच्यावर पडू द्यायची नाही, असा माझा सक्त हुकूम होता.

संध्याकाळी त्याला सोडायचे, सकाळी पुन्हा बोलवायचे. असे दोन दिवस गेले. शेवटी तो एवढेच म्हणाला, "साब, इंजन मैंच बिठाया. गुन्हा मेरे पे डालो. लानेवाले का नाम नक्को पूछो."

तिसऱ्या दिवशी नेहमीचा हवालदार कोर्टात गेला होता. त्याच्या जागी आलेल्या शिपायाला माझा हुकूम ठाऊक नव्हता. त्याने मिस्त्रीला पुढच्या दाराने आणले आणि बाकावर त्या बाईशेजारी बसवले. मी फाईल वाचत होतो. एकदम दार ढकलून मिस्त्री आत आला. हातात तिच्या नवऱ्याचा फोटो.

"साब, ये आदमी गुम है? वो इंजनवाली गाडी का?"

मी फाईल मिटली. त्याला तेवढे उत्तर पुरले. तो वळला आणि तडक आवारात गेला. मी मागे धावलो. त्याने अँबॅसिडरचा डावा दरवाजा उघडला, डॅशबोर्डचा कप्पा उपसून बाहेर काढला आणि मागच्या पत्र्याला चिकटवलेला एक कागद सोलून माझ्या हातात दिला. कागदावर इंजिनच्या नंबरची पेन्सिलने घासून घेतलेली छाप होती. खाली इंजिन आणणाऱ्याचे नाव, मोबाईल नंबर आणि सही. गाडीत परके इंजिन बसवले की त्याची छाप त्याच गाडीत ठेवायची, ही त्याच्या उस्तादाची शिस्त होती. गाडी तीन दिवस माझ्या खिडकीखाली उभी होती.

सही उस्तादाच्याच मुलाची होती. "अपघाताच्या गाडीचं आहे, कागद नंतर देतो" असे सांगून त्याने इंजिन दिले होते. ज्याच्या बापाने हातात पाना दिला, त्याला चोरीत अडकवायला मिस्त्री तयार नव्हता.

दुपारपर्यंत मुलगा ताब्यात आला आणि लगेच बोलला. चहातून गुंगीचे औषध देऊन त्याने आणि त्याच्या साथीदाराने चालकाला घाटाखालच्या नाल्यात ढकलले होते. फोन आणि कपडेही काढून घेतले होते. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यात, गावकऱ्यांनी नाल्यातून उचलून आणलेला एक अनोळखी जखमी बेशुद्ध पडून होता. आमच्या संदेशातले वर्णन कपड्यांचे होते आणि फोटोशी जुळावा असा त्याचा चेहरा राहिला नव्हता.

मी त्या बाईला माझ्याच गाडीतून नेले. तो जिवंत होता. बायकोचा आवाज ऐकून त्याने डोळे उघडले. चादर मात्र डाव्या गुडघ्याखाली सपाट होती. डॉक्टर म्हणाले, "जखम चिघळली. मोठ्या दवाखान्यात हलवायचं तर सोबत कोणी नव्हतं. काल पाय काढावा लागला. परवा घरचं कुणी आलं असतं तर प्रयत्न करता आला असता."

ती बाहेर आली. मिस्त्री पहिल्यांदा ठाण्यात आला तो दिवस परवाचाच, हा हिशेब तिला समजला होता.

"साहेब, तो बाबा मला बाकावर म्हनला, मला ठावंच नव्हतं बाई, नायतर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. खरं हाय का?"

"खरं आहे."

"मंग तुमी त्याला का नाय सांगितलं?"

मी आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारले. गप्प बसणाऱ्यांना खिंडीत गाठले. त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी जमिनीकडे बघत उभा राहिलो.

खटला चालला, शिक्षा झाल्या. माझ्या सेवापुस्तकात त्या तपासाबद्दल बक्षिसाची नोंद आहे. कोर्टाने इंजिन आणि साथीदाराकडे सापडलेली पिकअप सोडल्यावर मिस्त्रीने इंजिन स्वतः पिकअपमध्ये परत बसवले आणि डाव्या पायाने दाबायच्या क्लचला हाताने ओढायची दांडी जोडून दिली. परिवहन कार्यालयाने ती मंजूर करेपर्यंत तो त्या चालकाबरोबर खेटे घालत होता. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत चौकशीच्या खोलीत मी सगळ्यात आधी समोरच्याला सांगायचो, की कुणाचे काय हरवले आहे. काही जणांनी त्याचा फायदा घेतला, एकदोन चोर सुटलेही.

मिस्त्रीची माफी मागायला मी गॅरेजवर गेलो होतो. त्याने स्टूल पुसून दिले, चहा मागवला. मग इतकेच म्हणाला, "साब, आदमी गुम है करके एक बार बोलना था."